आठ महिन्यांचा दाखला

आमच्या मधलीवाडीच्या वहाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, आमदार निधीतून मे २०२५ मध्ये पूर्ण झाला. २६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत ठराव झाला, एप्रिलमध्ये आमदारांचे शिफारसपत्र मिळाले, शाखा अभियंत्यांनी जागा पाहून अंदाजपत्रकही वेळेत केले. पत्र हाती आले तेव्हा आम्ही वाडीत पेढे वाटले, याचे आता हसू येते. आमदार काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता मात्र जिल्हाधिकारी देतात, आणि या दोहोंच्या मधला प्रवास अर्जदारालाच करावा लागतो, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

आमची फाइल अडली ती एका दाखल्यावर: ‘सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून प्रस्तावित अथवा मंजूर नाही.’ जून २०२३ मध्ये संबंधित कार्यालयातील लिपिकाने जुनी यादी उघडून त्यात ‘मधलीवाडीकडे जाणारा साकव’ असे नाव दाखवले आणि काम दुबार होत असल्याने दाखला देता येणार नाही, असे सांगितले. ते काम मंजूर झाले होते का, असे विचारले, तर ते दुसऱ्या कार्यालयाला विचारा. तिथे गेलो, तर आधी पहिल्या कार्यालयाचे पत्र आणा. पत्र मागायला परत आलो, तर साहेब बैठकीला गेलेले. एका फेरीत अर्धा दिवस आणि एसटीचे भाडे जात असे, आणि अशा अकरा फेऱ्या मी मोजल्या. पुढे मोजणे सोडले.

शेवटी १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. (अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा, नाही तर तेवढ्याच कारणाने परत येतो.) ३० दिवसांत उत्तर आले नाही, प्रथम अपील केल्यावर आले. यादीतला साकव शेजारच्या गावातील मधलीवाडीचा होता! कोकणात मधलीवाडी नसलेले गाव शोधून सापडणार नाही, तरीही यादीत गावाचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. म्हणून ठरावातच महसुली गाव, वाडी, वहाळाचे नाव आणि सर्व्हे नंबर लिहून घ्यावेत.

दाखला फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रशासकीय मान्यताही झाली. पण कार्यारंभ आदेश निघण्याआधीच १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठेपर्यंत पाऊस आला, पाऊस सरला तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, आणि काम डिसेंबरात सुरू झाले. आठ महिन्यांच्या दाखल्यापायी मुलांनी आणखी एक पावसाळा दप्तर डोक्यावर धरून वहाळ ओलांडला.

एका आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. निधी वाढवण्याची मागणी प्रत्येक अधिवेशनात होते. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. आमदार निधी, जिल्हा वार्षिक योजना आणि जिल्हा परिषद यांची सुचवलेली, मंजूर आणि रद्द झालेली कामे गाववार एकाच यादीत सर्वांना दिसावीत, आणि काम दुबार आहे की नाही हे कार्यालयाने स्वतः ठरावीक मुदतीत तपासावे. खासदार निधीची कामे १ एप्रिल २०२३ पासून पोर्टलवरून चालवली जातात, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. शिवाय शिफारसपत्राला ग्रामसभेचा ठराव जोडणे सक्तीचे हवे, म्हणजे साकवाऐवजी एखाद्याच्या दारापर्यंतचा डांबरी रस्ता आधी होणार नाही.

जागेच्या संमतीपत्राचे सांगायचे राहिले. साकवाचे एक टोक सामाईक जमिनीत येत होते आणि सातबाऱ्यावर सतरा नावे होती, त्यांपैकी बारा मुंबईत. आम्ही आधीच्या वर्षीच्या गणपतीत, आरतीनंतर सगळे पडवीत बसलेले असतानाच सह्या घेतल्या होत्या. चतुर्थीनंतर पाचव्या दिवसापर्यंत हे काम उरकावे, कारण त्यानंतर सहहिस्सेदार थेट शिमग्याला भेटतात.