तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरातला 'बघू'

चर्चमधून बाहेर पडताना कोणी ना कोणी गाठतंच मला, जास्त करून लहान मुलांचे आईबाप, की तुम्ही पोरांना विश्वासात कसं वाढवलंत, आमची तर संडेस्कूलला, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गाला, यायला पण कुरकुर करतात. वीसेक वर्षं संडेस्कूल घेतोय म्हणून लोकांना वाटतं माझ्याकडे काहीतरी फॉर्म्युला असणार. नाहीये. एका शब्दाची गोष्ट आहे, ती सांगतो.

आपल्या ख्रिस्ती घरांत 'वचन' म्हटलं की दोन अर्थ. रविवारी मुलं वचन पाठ करतात ते बायबलमधलं, आणि बाप सायकल घेऊन द्यायचं कबूल करतो तेही वचनच. मोठ्यांच्या डोक्यात याचे दोन कप्पे असतात, मुलांच्या नसतात. माझी मुलगी सात वर्षांची होती, मी वर्गात अब्राहामाचं शिकवत होतो, की देवाने बोलावलं, संततीचं वचन दिलं तेव्हा तो 75 वर्षांचा आणि मुलगा इसहाक झाला तेव्हा 100, म्हणजे चक्क 25 वर्षं वाट बघितली, तर ही सगळ्यांसमोर म्हणते, "म्हणजे देवपण पप्पांसारखा 'बघू' म्हणाला होता?" पोरं हसली, मीपण हसलो, पण घरी जेवताना घास उतरेना.

कारण त्याच आठवड्यात 'नक्की येतो' सांगून मी तिच्या गॅदरिंगला गेलो नव्हतो. कारण काय, तर मंडळीच्या कमिटीची मीटिंग लांबली! म्हणजे देवाच्या कामापायी लेकीला दिलेला शब्द मोडला आणि वर मनात हेच, की मी किती विश्वासू सेवक. मत्तय 5:37, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं, हे मीच पोरांकडून घोकून घेतलेलं. त्यात 'बघू' कुठे बसतो सांगा.

मग बायकोने आणि मी 'बघू' बंद केलं. होय नाहीतर नाही, आणि ठरत नसेल तर कुठल्या वारी सांगणार तो वार सांगायचा. ऐकायला सोपं आहे पण पोराच्या तोंडावर 'नाही, या वर्षी ट्रिपचे पैसे नाहीत' म्हणणं जिवावर येतं, 'बघू' म्हटलं की निदान ती रात्र शांत जाते. सुरुवातीला रडारड वाढलीच घरात. आणि चुकलं की पोराची माफी मागायची, "पप्पा चुकले", बस, त्याला 'पण तू पण' जोडायचं नाही. हे मला अजून नीट जमत नाही.

बायबलमधल्या निर्गम 17 ची गोष्ट मला यासाठी आवडते. शत्रूशी, अमालेक्यांशी लढाई चालू, इस्राएलचा पुढारी मोशे, त्याचे हात वर असले की इस्राएल जिंकतंय, पण हात दुखणारच ना, मग त्याला धोंड्यावर बसवलं आणि अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. ते हात स्थिर राहिले याला मूळ हिब्रूत 'एमुना' शब्द आहे, आणि विलापगीत 3:23 मध्ये देवाच्या विश्वासूपणाला तोच शब्द! म्हणजे विश्वासू माणूस थकतच नाही असं नाहीये. बायको नर्स, तिची नाइट ड्युटी, माझी सेकंड शिफ्ट, अशा दिवसांत रात्रीची कौटुंबिक प्रार्थना माझ्या आईने चालू ठेवली, कधी दोन मिनिटांची, कधी पोरं अर्धी झोपेत. लोक क्रेडिट मला देतात.

आणि एक, नीतिसूत्रे 22:6 गॅरंटी कार्डासारखं वापरू नका, की लहानपणी शिकवलं म्हणजे पोरगं कुठे जाणार नाही. नीतिसूत्र आहे ते, करार नाही. माझी मुलगी आज संडेस्कूल घेते, मुलगा मात्र पुण्यात नोकरीला लागल्यापासून चर्चला फारसा जात नाही, तुम्ही विचारता तेव्हा हे तुम्हाला माहीत नसतं. पण पगार झाल्यावर आजीच्या औषधांचे पैसे न विसरता पाठवतो, आणि येतो म्हणाला की येतो. याला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

परवा फोनवर विचारलं, नाताळच्या उपासनेला येशील का. गुरुवारी सांगतो म्हणाला. आज मंगळवार आहे.