तेरावी फेरी

१९६९ साली मायामीतील एका स्टुडिओत दोन हेवीवेट मुष्टियोद्धे कॅमेऱ्यासमोर मिनिटामिनिटाच्या सुमारे ७० फेऱ्या लढले. त्यांपैकी रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये एकही लढत न हरता निवृत्त झाला होता आणि आता पंचेचाळीस वर्षांचा होता. या कामासाठी त्याने बरेच वजन उतरवले होते आणि टकलावर केसांचा टोप चढवला होता. सत्तावीस वर्षांच्या मुहम्मद अलीचे विजेतेपद मात्र सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे काढून घेतले गेले होते आणि त्याला खऱ्या रिंगमध्ये उतरण्याची परवानगीच नव्हती. दोघांच्या कारकिर्दींची माहिती संगणकात भरली होती, निकाल संगणक देणार होता आणि त्यासाठी निरनिराळे शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते. त्यातला कोणता दाखवला जाणार, हे त्या दोघांनाही सांगितलेले नव्हते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत जो निकाल दाखवला गेला, त्यात मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केले. तो निकाल पाहायला मार्सियानो स्वतः मात्र नव्हता, कारण ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

वेगवेगळ्या काळांतील विजेत्यांची तुलना निघाली की मला हा प्रकार आठवतो, आणि त्यातही ती तेरावी फेरी आठवते, कारण आजच्या नियमांनुसार तेरावी फेरी अस्तित्वातच नाही. विजेतेपदाची लढत आज १२ फेऱ्यांची असते, पूर्वी ती १५ फेऱ्यांची असे. कोण कोणाला हरवील यावर रात्र जागवणारे रसिक उंची, वजन आणि हातांचा पल्ला यांचा कीस काढतात, पण लढत नेमकी किती फेऱ्यांची धरायची हे आधी ठरवून घेणारा मला तरी क्वचितच भेटला आहे.

मार्सियानोच्याच खऱ्या लढतीकडे पाहू. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात तो विजेता जर्सी जो वॉलकॉट याच्यासमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, खाली पडला. व्यावसायिक कारकिर्दीत तो प्रथमच जमिनीला टेकला होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीच्या सुरुवातीला वॉलकॉट मागे सरकत दोरांपर्यंत आला, दोघांनीही एकाच वेळी उजवा हात काढला आणि मार्सियानोचा ठोसा किंचित आधी पोहोचला. त्या ठोशाने कापलेले अंतर जेमतेम हातभर होते. वॉलकॉट कोसळला तोही धड नाही. त्याचा डावा हात दोरावर अडकून राहिला, गुडघे मुडपले आणि कपाळ खाली टेकले. त्या क्षणापर्यंतच्या गुणांवर आजचा निकाल लावला असता, तर मार्सियानोच्या ४९ पैकी ४९ विजयांचा प्रसिद्ध आकडा आपल्याला पाठ करावा लागला नसता.

हा अपवाद म्हणून सोडून द्यावा, तर जो लुईसचे उदाहरण त्याहून ठळक आहे. १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षे विजेतेपद राखून त्याने २५ आव्हानवीरांना परतवले आणि हा हेवीवेटमधील विक्रम अजून अबाधित आहे. मात्र जून १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याच्याहून बराच हलका असलेला बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रिकांवर पुढे होता आणि तिसरीवर बरोबरीत होता. उरलेल्या तीन फेऱ्या अंतर राखून काढल्या असत्या तरी त्याचे भागले असते. पण त्याला लुईसला नॉकआउटच करायचे होते. तो भिडला आणि तेरावी फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना गारद झाला. बारा फेऱ्यांच्या हिशेबाने लुईसची बारा वर्षांची सत्ता चार वर्षांतच संपली असती. अर्थात लढत १२ फेऱ्यांचीच असती, तर लुईसने आधीच वेग वाढवला असता, असा प्रतिवाद कोणी करील आणि तो मला मान्यच आहे. पंधरा फेऱ्यांसाठी दम राखणे हे त्या काळी वेगळे कौशल्यच होते, आणि आजच्या विजेत्याकडे ते आहे की नाही हे तपासायला मार्गच उरलेला नाही. फेऱ्या कमी झाल्या त्या मात्र योग्य कारणासाठी. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लाइटवेटच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर एकेका संघटनेने १२ फेऱ्यांचा नियम स्वीकारला.

नियमांचा फटका एकाच माणसाला कसा बसतो, हे जॅक डेम्प्सीकडे पाहून कळते. १९१९ मध्ये टोलेडोत त्याने आपल्याहून सुमारे ५८ पौंडांनी जड असलेल्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभे राहून तो उठता उठता पुन्हा ठोसा हाणणे तेव्हा नियमात बसत होते. १९२७ मध्ये शिकागोत त्याने जीन टनीला पाडले तेव्हा नियम बदलला होता आणि पाडणारा दूरच्या कोपऱ्यात गेल्याखेरीज पडलेल्यासाठीची दहापर्यंतची मोजणी सुरू होत नव्हती. डेम्प्सी सवयीने तिथेच घुटमळला, टनीला दहाऐवजी चौदाएक सेकंद मिळाले आणि पुढे लढतही टनीनेच जिंकली.

आता वजनाकडे येतो, पण थोडक्यातच. मार्सियानो ८४ किलोंच्या आसपास असे. आज तो हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात बसला असता, आणि एवढ्यावरून अनेक जण त्याला निकालात काढतात. मे २०२४ मध्ये रियाधला ओलेक्सांद्र उसिक हा मूळचा क्रूझरवेट विजेता आपल्याहून सुमारे १७ किलो जड आणि १५ सेंटिमीटर उंच असलेल्या टायसन फ्युरीला गुणांवर हरवून गेला. उसिक वजनाने अलीहून फारसा जड नाही आणि उंचीने अलीएवढाच आहे. त्यामुळे आजच्या धिप्पाड हेवीवेट्ससमोर अलीचा निभाव लागला नसता, हे विधान मला आता कोणी ऐकवू नये.

माझा स्वतःचा क्रम विचाराल, तर मी विजेत्याला त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून मोजतो आणि म्हणून लिस्टन, फ्रेझर व फोरमन यांना हरवणारा अली माझ्या मते पहिला आहे. दुसरा लुईस. माइक टायसनच्या चाहत्यांचा रोष पत्करून सांगतो की वयाच्या विसाव्या वर्षी विजेता झालेला आणि मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवणारा टायसन डोळ्यांना दिपवतो खरा, पण अडचणीत सापडून परत फिरलेला टायसन मला कुठल्याच मोठ्या लढतीत दिसत नाही. लॅरी होम्सवर मात्र अन्याय झाला आहे, कारण तो अलीनंतर आला आणि थकलेल्या अलीला मारण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

दोन काळांची खरीखुरी गाठ एकदाच पडली असे मला वाटते. जॉर्ज फोरमन आफ्रिकेतील किन्शासामध्ये अलीकडून हरला तेव्हा, ३० ऑक्टोबर १९७४ रोजी, मायकेल मूरर सहा वर्षांचा होता. वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगासमध्ये, आता विजेता असलेल्या त्याच मूररसमोर ४५ वर्षांचा फोरमन किन्शासातलीच लाल चड्डी घालून उतरला. त्याच्या कोपऱ्यात प्रशिक्षक अँजेलो डंडी होता, जो किन्शासामध्ये अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या मूररने त्याला जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसे, मारून हैराण केले आणि तिन्ही गुणपत्रिकांवर फोरमन मागे होता. दहाव्या फेरीत फोरमनचा उजवा ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला आणि मूरर पाठीवर पडून राहिला. रेफ्रीने दहा मोजले तेव्हा फोरमनने कोपऱ्यात गुडघे टेकून मान खाली घातली. लढत १२ फेऱ्यांची होती, म्हणजे त्याच्या हाती आणखी दोनच फेऱ्या उरल्या होत्या.