हॉकी लीगची शेवटची मॅच आणि एक हात वर
"सर, बॉल माझ्या पायाला लागला."

१-१ चालू, शेवटची दोन मिनिटं, अंपायरची शिट्टी वाजलेली नाही, समोरच्यांनीही अपील केलेलं नाही आणि आमचा राइट बॅक डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, स्वतःच हात वर करून उभा! मी गोलमध्ये पॅड बांधून नुसता बघतच राहिलो.

हॉकीत बॉल पायाला लागणं म्हणजे फाउल, आणि तोही डी मध्ये, म्हणून त्यांना पेनल्टी कॉर्नर. मग हाच पठ्ठ्या मास्क चढवून म्हणतो, फटका अडवायला पहिला मीच धावणार. धावला पण जीव खाऊन, तरी त्यांचा ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढून भिरकावलेला बॉल, माझ्या ग्लोव्हजना चाटून आत गेलाच. २-१. पॉइंट गेला, टेबलात एक नंबर खाली.

वरच्या लेव्हलला व्हिडिओ रेफरल असतं, चार अँगलमधून पाय दिसतो. आमच्याकडे कॅमेरा कुठला, दोन अंपायर आणि रविवारचं ऊन. म्हणजे आपली अर्धी मॅच खेळणाऱ्यांच्या भरवशावरच चालते की, हे एवढी वर्षं डोक्यातच आलं नव्हतं.

नंतर वडापाव खाताना कोणीतरी विचारलंच, "फायनल असती तर केला असतास का हात वर?" तो म्हणाला, "माहीत नाही रे, चटणी दे."

तुमच्या टीममध्ये असं झालं तर तुम्ही मिठी माराल की शिव्या घालाल? आम्ही दोन्ही केलं.