होई आनमधली चतुर्दशी

पहाटेच निघालो म्हणून ऊन चढायच्या आत 'मी सन' नावाच्या जुन्या देवळांपाशी पोचता आलं. व्हिएतनाममधल्या होई आन गावापासून साधारण ४० किलोमीटर. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये खोलगट जागा आणि त्यात लाल विटांची देवळं. चौथ्या शतकात चंपा या इथल्या जुन्या राज्याच्या भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं लिंग स्थापलं. पुढे तेराव्या शतकापर्यंत राजे बदलत गेले, देवळं वाढत गेली. विटांच्या सांध्यात चुना दिसतच नाही. नख शिरेल एवढीही फट नाही. भिंत उभी करून मग विटांवरच कोरीवकाम केलंय. एका विटेचा कोपरा उडाला असता तर?

१९६९ साली अमेरिकेने इथे बॉम्ब टाकले आणि सगळ्यात देखणा मनोरा गेला. खड्डे अजून आहेत, त्यांत गवत माजलंय. त्या भागातल्या पडझडीची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली. ते काम चालू असतानाच २०२० मध्ये वालुकाश्माचं एक अखंड शिवलिंग सापडलं.

आईला यातलं काही सांगायला लागलं नाही. उघड्यावर एक शाळुंका दिसली, तशी तिने चपला काढल्या, हात जोडले आणि गाईडला विचारायला मला पुढे केलं, "विचार, पाणी कोण घालतं?" कोणीच नाही, तो म्हणाला. "बरं, पाऊस तरी पडतो ना," म्हणून तिने विषय मिटवला. मी मात्र कोरडीच राहिले. तिकीट, बॅटरीची गाडी, चंपाच्या चाम लोकांचा नाच, सगळं नीटनेटकं. पण जिथे कोणी काही मागायला येत नाही, ते देऊळ मला देऊळ वाटत नाही.

संध्याकाळी होई आनच्या जुन्या पेठेत नेमकं उलट झालं. फुजियानहून आलेल्या चिनी व्यापाऱ्यांचं तिथे सभागृह आहे, खरं तर देऊळच. मुख्य देवी थिएन हाऊ, दर्यावर्दींना सांभाळणारी. समोर जहाजाची प्रतिकृती, बाजूला तिचे दोन सेवक: एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं. नैवेद्याला फळं, बिस्किटांचे पुडे, चक्क बिअरचे कॅनसुद्धा. देवीपुढे थोडा वेळ ठेवायचं आणि घरी नेऊन सगळ्यांनी खायचं.

आतल्या बाजूला बारा सुईणी बसल्यात, बा मू. मूल घडवायचं, त्याला हसायला, बसायला शिकवायचं, ही त्यांची कामं. मूल हवं असलेली जोडपी इथे येतात. मी हे सांगत होते तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, ही तर सटवाई! झोपेत बाळ हसलं की सटवाई हसवते, म्हणतो ना आपण?" मग माझ्या वहिनीला सातवा लागलाय हे आठवून तिने प्रत्येकीपुढे वेगळा नमस्कार केला. बारा नमस्कार, गुडघे दुखत असताना. मागे रांग खोळंबली, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

आज त्यांची चांद्रमासाची चौदावी तिथी. पेठेतले विजेचे दिवे मंद करतात आणि नदीत कागदी कंदील सोडतात. गर्दी इतकी की कंदिलांपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात. आमचा फायदा वेगळाच झाला. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला इथले बौद्ध लोक शाकाहार पाळतात, काहीजण चौदावीलाही. त्यामुळे एरवी नुओक माम, म्हणजे मासळीचं आंबवलेलं पाणी, कशाकशात पडलंय हे विचारून जीव जातो, तिथे आज 'चाय' अशी शाकाहारी पाटी जागोजागी.

आईसाठी काओ लाऊ मागवलं. जाडसर, चिवट, किंचित पिवळट शेवया, रस्सा जेमतेम तळाला, वर पुदिन्यासारखा पाला आणि तळलेले कुरकुरीत तुकडे. अस्सल शेवयांना इथल्याच बा ले विहिरीचं पाणी लागतं, असं सांगतात. मांसाऐवजी टोफू आणि अळंबी होती. आईने वाडगा चाटूनपुसून संपवला. मालकिणीने खुशीने आणखी एक बशी आणली: पीठ रंगवून, शेपटीसकट घडवलेली खोटी कोळंबी. आईने ती काड्यांनी अलगद माझ्याकडे सरकवली. "खायचं नाही ना, मग सोंग कशाला?"

खोटी कोळंबी बरी होती, पण रबरासारखी. शेजारच्या गाडीवर खऱ्या कोळंबीचं बान सेओ तव्यावर चरचरत होतं. हळदीचं तांदळाचं पीठ, आत मोड आलेले मूग, कडा जाळीदार. तांदळाच्या पातळ कागदात मोहरीच्या पाल्यासकट गुंडाळून, दाण्यांच्या चटणीत बुडवून दोन हाणले. आई शेजारी उभी राहून म्हणाली, "चतुर्दशी त्यांची आहे, तुझी नाही. खा. फक्त उद्या पुन्हा बारा जणींकडे जायचंय, आंघोळ करून ये."