चेन्नईचा ट्रॅक डे: कुणी काहीही सांगो, मागच्या चाकाला १५०चाच टायर घाला

केटीएम आरसी ३९० किंवा टीव्हीएस आरआर ३१० घेऊन पहिल्यांदा ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) निघाला असाल आणि टायरवाला म्हणाला की "भाऊ, मागे १६० टाका, रबर जास्त तेवढी ग्रिप जास्त", तर दुकानातून बाहेर पडा. चहा मागवला असेल तर तो पिऊन पडा, पण पडा. माझा अर्धा दिवस, झोप आणि बरेच पैसे या एका वाक्याने खाल्लेत म्हणून हे लिहितोय.

ट्रॅक म्हणजे चेन्नईच्या अलीकडचा, इरुंगाट्टुकोट्टईचा. आधी सगळे एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणायचे, आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट. ३.७ किमी, १२ टर्न, आणि पुण्याहून निघालात तर गेटपर्यंत एकच हायवे, ४८. तरी गाडी चालवत नेऊ नका. अकराशेच्या वर किलोमीटर सरळ रस्ता मारला की सॉफ्ट टायर मधोमध सपाट होतो आणि ट्रॅकवर जी कड लागते ती मात्र कोरीच राहते, वर तुम्ही स्वतः आदल्या रात्री मेलेले असता. आम्ही चौघांनी टेम्पो केला, गाड्या पुढे गेल्या, आम्ही ट्रेनने. राहायला श्रीपेरुंबुदूर, तिथे फॅक्टऱ्यांमुळे लॉज भरपूर आहेत. चेन्नई शहरात राहून सकाळी सहाला पोचायच्या गोष्टी करू नका.

आता मुद्द्याचं. माझे टायर संपलेले, मला हवा होता पुढे ११०/७०, मागे १५०/६०, सतरा इंची, चांगला सॉफ्ट स्पोर्ट टायर. (पहिला आकडा मिमीमध्ये रुंदी, दुसरा साईडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते.) हा साइज नेमका पाहिजे तेव्हा मिळत नाही. २०२० च्या जूनमध्ये सरकारने टायर आयातीवर निर्बंध आणले तेव्हापासून बाहेरच्या ब्रँडचं काय कधी येईल याचा भरवसा नाही, आणि त्याचाच फायदा घेऊन लोक गोडाऊनमधला जुना माल खपवतात. एका डीलरने (नाव लिहीत नाही) फोनवर सांगितलं १५० नाहीये पण १६०/६० आहे, "फ्रेश स्टॉक", ट्रॅकवर पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायची, दुरुस्तीची जागा) डिलिव्हरी, फिटिंग त्यातच. "सगळे हेच टाकतात" हेही सांगितलं.

सकाळी पॅडॉकमध्ये टायर आला. साईडवॉलवर डॉट कोडच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या "फ्रेश" टायरवर होतं ०९२२. म्हणजे २०२२ चा नववा आठवडा, तीन वर्षांहून जुना! नखाने रबर दाबून बघितलं तर आमच्या जुन्या स्टॉक टायरएवढंच कडक. वर फिटिंगवाला पोरगा म्हणतो एका चाकाचे बाराशे, बॅलन्सिंगचे वेगळे. पुण्यात दोन-तीनशेत होतं हो हे काम. डीलरला फोन केला तर उचलतोय कोण. पहिलं सेशन (ट्रॅकवर जायची पाळी) पाऊण तासावर, दुसरा टायर नाही, दिले पैसे. त्यामुळे पहिली सूचना, टायर घरी फिट करून, शंभरेक किलोमीटर चालवून, कोड स्वतःच्या डोळ्यांनी वाचूनच ट्रॅकवर न्या. पॅडॉक डिलिव्हरी हा प्रकार ज्यांच्यामागे टीम आहे त्यांच्यासाठी.

आणि १६० का नको ते नीट सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. ३९० चा मागचा रिम ४ इंची. १६०/६० हा मुळात साडेचार इंची रिम धरून बनवलेला टायर असतो, तो ४ इंचीवर चढवला की दोन्ही बाजू आत दाबल्या जातात आणि मधला भाग टोकदार होतो. कागदोपत्री बसतो, हो. पण गाडी सुरुवातीला झटकन आत पडते आणि पुढे झुकवत न्यावं तर खाली आधारच सापडत नाही. शिवाय साईडवॉल ९० मिमीची ९६ होते, म्हणजे चाक उंच, गिअरिंग लांब, म्हणजे ३७३ सीसीचं बिचारं इंजिन आणखी बिचारं. ४३ पीएसमध्ये एवढं रबर तापवायला ताकदच नाही. आणि न तापलेलं रबर कितीही रुंद असलं तरी काय उपयोग.

पहिल्या दोन सेशनमध्ये मेन स्ट्रेट संपल्यावरचा सी१, म्हणजे पहिलं वळण, तो फास्ट राइट, प्रत्येक लॅपला तिथे थ्रॉटल उघडला की मागचा हलायचा. घसरायचा नाही, नुसता हलायचा, आणि हे जास्त वाईट, कारण मग डोकं पुढच्या टर्नला पोचतच नाही. सेशन संपवून गाडी स्टँडवर घेतली, हात लावला तर टायर कोमट. उजवी कड थोडी खरखरीत, डावीकडे बोटभर पट्टी कोरी. (हा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने, त्यामुळे उजवी बाजू आधी झिजणार, टायर उलटा फिरवून घालायचा विचार करू नका, रोटेशनचा बाण असतो.)

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या स्टँडवरच्या बंगलोरच्या एका भल्या माणसाने स्वतःचं स्पेअर चाक दिलं, १५०/६० पिरेली रोसो ४, अर्धा झिजलेला. चाक बदललं, चेन अ‍ॅडजस्ट केली, गेलो. राव, वेगळी गाडी! त्याच सी१ ला मागचा हललाच नाही, तिसऱ्या लॅपला गुडघा लागला, मी हेल्मेटच्या आत ओरडलो. त्यामुळे माझा निकाल स्पष्ट आहे, अर्धा वापरलेला योग्य साइजचा टायर हा कोऱ्या चुकीच्या साइजच्या टायरपेक्षा शंभर पट बरा, आणि यावर मी वाद घालणार नाही.

प्रेशरचं सांगतो कारण तिथेही सगळे फेकतात. स्वतःचा गेज न्या. पेट्रोल पंपाचा काटा आणि माझा गेज यात ४ पीएसआयचा फरक निघाला. रोसोसारख्या रोड टायरला मी टायर थंड असताना पुढे २९, मागे २७ ठेवून निघालो (वजन ७०), आणि सेशनवरून आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी मोजलं. ३३-३४ च्या आसपास आलं तर ठीक, फार वर गेलं तर हवा काढा. दुपारी गाडी नुसती उन्हात उभी असली तरी दोन-तीन पीएसआय चढतात, तो आकडा "थंड" समजून हवा काढलीत तर ट्रॅकवर टायर लेचापेचा. गाडी सावलीत लावा. नायट्रोजनवर पैसे घालवू नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायर किसणीवर खोबरं किसल्यासारखा फाटायला लागला तर आधी प्रेशर बघा, मग सस्पेन्शन, मग कंपनीला शिव्या द्या.

स्लिक (नक्षी नसलेला रेस टायर) किंवा पिरेलीचा सुपरकोर्सा एससी वगैरे घ्यायचं का? वॉर्मर (टायर आधीच गरम करणारी विजेची गोधडी) आहेत का, जनरेटर आहे का, गाडी टेम्पोत आहे का, तिन्हीला हो असेल तर घ्या. नाहीतर नको. रेस टायर ८० डिग्रीच्या वॉर्मरमध्ये तासभर राहून बाहेर येण्यासाठी असतो, पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये नवशिक्याच्या स्पीडला तो तापेपर्यंत चेकर्ड फ्लॅग. दर वेळी तापून थंड झाला की थोडा मरतो ते वेगळंच. रेसवाल्यांनी काढून टाकलेले टायर "दोनच सेशन झालेत" म्हणून विकतात, ट्रेड छान दिसतो, रबर मेलेलं असतं. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत परतीचा मान्सून, पाऊस आला की स्लिकवाला पॅडॉकमध्ये इडली खात बसतो.

पहिलाच ट्रॅक डे असेल तर आरआर ३१० वर येणारा मिशलिन रोड ५ चालतो, खरंच चालतो, तुमचं कसब त्याच्याआधी संपेल. पैसे कमी असतील तर अपोलो, टीव्हीएस युरोग्रिपचे स्पोर्ट टायर ताज्या कोडचे घ्या, जुन्या कोडच्या परदेशी टायरपेक्षा बरे. एकच बदलायचं बजेट असेल तर पुढचा बदला, मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा गेला की विषय संपला. कोईम्बतूरचा करी स्पीडवे २.१ किमीच आहे, तिथेही हेच गणित. बुद्ध सर्किटला ३९० घेऊन गेलात तर त्या लांबलचक स्ट्रेटवर टायरची नाही, इंजिनचीच काळजी करा.

दुसऱ्या दिवशी कांचीपुरम केलं, छान आहे, जा.

वॉर्मर भाड्याने मिळतात असं कुणी म्हणालं तर आदल्या दिवशी पैसे आणि वीज दोन्हीचं पक्कं करा. आमच्या बाजूच्या दोघांनी वॉर्मरचं भाडं भरलं आणि प्लग पॉइंटचे वेगळे पैसे मागितल्यावर तिथेच भांडण झालं. चाक काढून घातलं असेल तर अ‍ॅक्सलचा नट, चेनचा ढिलेपणा आणि ब्रेकचा पिस्टन पुढे येईपर्यंत दोन-तीनदा पेडल दाबणं, हे पिटमधून निघायच्या आधी. पिटमधून निघून पहिल्या ब्रेकिंगला पेडल तळाला गेलेला एक जण बघितलाय. आणि ट्रॅकचं प्रेशर ठेवूनच हायवेला लागू नका, बंगलोरचे तिघे २७ वर तसेच निघालेले, गेटवर थांबवून आमच्या फूटपंपाने हवा भरायला लावली.