सोनोग्राफी मशीनपाशी अडलेला सौदा

सोलापुरातील एक प्रसूती रुग्णालय बाहेरगावच्या मोठ्या समूहाला विकत घ्यायचे होते आणि खरेदीदाराच्या वतीने कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. रुग्णालय डॉक्टर दांपत्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे. मुंबईच्या वकिलांनी शेअर खरेदीच्या कराराचा मसुदा आधीच तयार ठेवला होता. शेअर्सचा मालक बदलला तरी कंपनी तीच राहते, म्हणून तिच्या नावावरचे परवानेही चालू राहतील, असा त्यांचा हिशेब होता. यंत्रमागाच्या कारखान्यासाठी तो बऱ्याच अंशी चाललाही असता.

रुग्णालयाचे तसे नसते. शुश्रूषागृहाची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, औषध दुकानाचा परवाना, अग्निशमन दलाची एनओसी, या प्रत्येकाचे नियम निराळे. त्यात सर्वांत कडक नोंदणी सोनोग्राफीची. गर्भलिंगनिदानाला मनाई करणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखालील नियम सांगतात की हे प्रमाणपत्र हस्तांतरित होत नाही. मालकी किंवा व्यवस्थापन बदलले की ते समुचित प्राधिकाऱ्याकडे परत करायचे आणि नव्या मालकाने वा व्यवस्थापकाने नव्याने अर्ज करायचा. शेअर्सच्या विक्रीने ‘मालकी’ बदलते का यावर वाद घालता येईल, पण संचालक मंडळच नवे आल्यावर व्यवस्थापन बदलले नाही असे कोणत्या तोंडाने म्हणणार? मुंबईच्या मसुद्यात या नियमाचा उल्लेखही नव्हता. कलमांची भाषा मात्र अतिशय देखणी होती.

त्या दिवशी मी आणि माझी ज्युनिअर रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये फॉर्म एफचे गठ्ठे तपासत होतो. गर्भवतीची सोनोग्राफी झाली की हा फॉर्म भरावा लागतो आणि तो दोन वर्षे जपून ठेवावा लागतो. माझी ज्युनिअर येथील दयानंद विधी महाविद्यालयातून शिकलेली. बारमधील ज्येष्ठ मंडळी तिला रोज कोल्हापूरला जा म्हणतात, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. व्यवहाराच्या कामाला ही मंडळी अजूनही ‘टायपिंगचे काम’ समजतात. तिने मात्र तासाभरात जे हेरले, ते मला वाटते एखाद्या मोठ्या लॉ फर्ममधील सहकाऱ्याला आठवडाभरात दिसले नसते. पत्त्याच्या रकान्यात नुसते ‘विडी घरकुल’ हे वसाहतीचे नाव, घर क्रमांक नाही. कर्नाटकातून आलेल्या बायकांच्या फॉर्मवर गावाचे नाव आहे, तालुका नाही. कोठे पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव कोरे, कोठे गर्भाचे आठवडे कोरे.

बाहेरच्या माणसाला ही कारकुनी ढिलाई वाटेल. कायद्याच्या कलम ४(३) नुसार मात्र नोंदीतील उणीव किंवा चूक म्हणजेच, उलट सिद्ध होईपर्यंत, कलम ५ किंवा ६ चा भंग. आणि कलम ६ हे लिंगनिदानाच्या मनाईचे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या तरतुदीला दिलेले आव्हान २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. कन्याभ्रूणहत्येचा या राज्यातील इतिहास पाहता न्यायालयाचे म्हणणे मला पटतेही.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “वकीलसाहेब, म्हणजे कागदावर मी आणि मुलगी पाडणारा डॉक्टर सारखेच?” शहरात त्यांच्याविषयी कोणी वावगे बोलत नाही. तरीही माझ्या अहवालात त्यांचे नाव ‘गंभीर जोखीम’ या रकान्याखाली गेले.

व्यवहार अखेर झाला. प्रमाणपत्र सौद्याच्या दिवशीच परत केले, नव्या अर्जाची फाईल तयारच होती आणि नवे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मशीन बंद ठेवून रुग्णांना दुसऱ्या नोंदणीकृत केंद्रात पाठवण्याचे ठरले. त्या काळातील तोटा किमतीतून वजा झाला. जुन्या फॉर्मपोटी किमतीचा काही भाग एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताकडे राखून ठेवलेल्या खात्यात, अडकला आहे आणि डॉक्टरांनी वैयक्तिक हमी दिली आहे. पैशांची भरपाई लिहून घेता येते. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची भरपाई कोणत्याही करारात लिहिता येत नाही, आणि ती टांगती तलवार विक्रीनंतरही त्यांच्याच डोक्यावर आहे.

या कामात पुढे वाव आहे का, असे ज्युनिअरने मला विचारले. वाव भरपूर आहे. रुग्णालयांत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला आधी परवानगी लागत नाही, आणि मोठ्या समूहांना आता सोलापूरसारखी शहरे हवी आहेत, कारण धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येथे येतात. पण फर्म मुलाखतीत विचारतात शेअर करारातील कलमे. फॉर्म एफ पाहिला आहे का, असे कोणी विचारत नाही. मुंबईला जायचेच असेल तर हे शिकून जा, असे मी तिला सांगितले.

पुढच्या रुग्णालयाच्या अहवालात तिने कारकुनी उणिवांसाठी वेगळा रकाना सुचवला. कायदा असा भेद करत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. मुंबईहून तो रकाना काढण्याची सूचना आली आहे. मी अद्याप काढलेला नाही.