रेकॉर्डमध्ये आईचं नाव वेगळं : ईसीएचएस कार्डाचा माझा अनुभव

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. वडील १९९४ साली नायब सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले. १ जानेवारी १९९६च्या आधी निवृत्त झालेल्यांना ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, वर्गणी भरावी लागत नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. जुन्या कार्डांच्या जागी नवी ६४ केबीची कार्डं घ्यायची, एवढंच काम. वडिलांचं झालं. आईचा अर्ज परत आला, पत्नीचं नाव सर्व्हिस रेकॉर्डशी जुळत नाही म्हणून.

रेकॉर्डमध्ये आईचं माहेरचं नाव होतं. लग्नात नाव बदललं आणि रेशनकार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे सासरचंच लागलं. पलटणीच्या कागदावर मात्र लग्नाच्या दाखल्यातलं नाव उतरलं आणि तिथंच राहिलं. आपल्याकडे घरोघरी हीच कथा असणार!

काउंटरवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "काकू, आमच्या हातात काही नाही. रेकॉर्ड ऑफिसमधून पार्ट टू ऑर्डर आणा." म्हणजे फौजेच्या नोंदीत बदल झाल्याचा अधिकृत आदेश. रेकॉर्ड ऑफिस परराज्यात. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत, उचलला तर "अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा". बरं, पाठवला. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं वडिलांचं प्रतिज्ञापत्र, आधार, डिस्चार्ज बुकाच्या (फौज सोडताना मिळणाऱ्या पुस्तिकेच्या) प्रती, सगळं जोडून.

पुष्कळ दिवसांनी फाइल परत. कारण काय, तर प्रतिज्ञापत्र मराठीत आहे. ठीक, इंग्रजीत करून पाठवलं. पुन्हा परत : दोघांचा एकत्र फोटो नाही. तो लावला, तर म्हणे फोटोवर काउंटर साइन, म्हणजे अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही, नाही. माझा संताप इथेच होता. फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा फोटो नाही हे दिसलं नव्हतं का? सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहून द्यायला किती शाई लागते? पण नाही, चकलीच्या सोऱ्यासारखं, दाबाल तेवढंच बाहेर येणार. आणि तोवर आई जिना चढताना कठड्याला धरून उभी राहायची.

शेवटी मी वडिलांना म्हटलं, "बाबा, आता तुम्हीच बोला." त्यांनी फोनवर आधी आपला नंबर, रँक, युनिट सांगितलं, मग समोरच्याचं विचारलं. कोण बोलतोय, कोणत्या सेक्शनचा, हे लिहून घेतलं. मी इतके महिने ताई-माई करत बोलत होते ते सगळं वाया! पार्ट टू ऑर्डर त्यानंतर निघाली. स्टेशन हेडक्वार्टरकडून (लष्कराच्या स्थानिक मुख्यालयाकडून) अर्ज मंजूर झाला की तात्पुरती स्लिप मिळते, कार्ड येईपर्यंत ती चालते. ईसीएचएसच्या दवाखान्याने, म्हणजे पॉलिक्लिनिकने, रेफरल (रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी) दिलं, मान्यताप्राप्त रुग्णालयात ऑपरेशन झालं. वडील जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), म्हणून सेमी-प्रायव्हेट खोली. बिल हातात आलंच नाही.

हो, एक राहिलं. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर रेफरल आधी लागतं. जिवावरचं दुखणं असेल तर थेट जा. रुग्णालय यादीबाहेरचं असलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतील. आणि डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव आणि जन्मतारीख आजच बघून ठेवा. फौजी स्वतः सही करायला हजर आहे तोवर हे काम सोपं आहे, नंतर एकट्या बाईने ते कसं करायचं?

आमचंही अजून पूर्ण झालेलं नाही. कार्डावर नाव आलं, पण पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) जुनंच आहे. उद्या फॅमिली पेन्शनच्या वेळी तेच आडवं येणार, म्हणून शुद्धिपत्रासाठी नवा अर्ज केला आहे. या वेळी फोटो, काउंटर साइन, इंग्रजी प्रतिज्ञापत्र, सगळं न मागता जोडलंय. बघू काय कारण काढतात.